काळीचा दसरा

घरात खाणारी तोंडं किती, असं कुणी विचारलं की आई काळीला धरून सांगायची. काळी म्हणजे आमची मोटार. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तरुणपणापासून गावच्या देशमुखांची मोटार चालवत होते. देशमुख म्हातारपणी लेकीकडे हैदराबादला राहायला गेले, तेव्हा जाताना मोटार सुरू करायचं हँडल दादांच्या हातात ठेवून म्हणाले, "हिचे नखरे तुलाच ठाऊक. तूच सांभाळ." तेव्हापासून ती आमच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. उंच चाकं, पितळी दिवे, दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा, आणि टपाचं कापड फाटलं होतं तिथं आईनं जुन्या घोंगडीचं ठिगळ लावलेलं. दादा रोज सकाळी तिच्यावरून ओलं फडकं फिरवायचे. चुलीपुढे भाकरी थापता थापता आई म्हणायची, "म्हशीला एवढं धुतलं असतं तर दूध तरी दिलं असतं." दादा हसायचे आणि दिवे पुसायला लागायचे.

आमचं घर भोकरदनच्या अगदी कडेला, जालन्याच्या रस्त्यावर होतं. पहाटे आईच्या जात्याचा आवाज, मग पहिली एसटी चढ चढताना गिअर बदलायची तो आवाज, मग दादांचं ठोकठोक. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढची शाळा बाजाराच्या पलीकडे होती आणि बाजारातून एकटीनं चालायचं म्हटलं की मी दारातच बसून राहायची. चार लोकांनी पाहिलं की मला माझं नावसुद्धा सांगता यायचं नाही. घरच्यांनी दोन-चार वेळा ढकलून पाहिलं, मग नाद सोडला. आता वाटतं, अजून एकदा ढकलायला हवं होतं. पण ते असो. शाळा सुटली तशी मी आईच्या हाताखाली घर शिकले आणि दादांच्या हाताखाली काळी. दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. बारीक काम त्यांना दिसेना, मग ते माझ्याकडे आलं. इंजिनात ठिणगी पाडणारे चार प्लग असतात, बोटाएवढे. वर लोखंड, मध्ये पांढरी चिनीमाती आणि खाली टोक. त्या टोकाशी किती फट हवी ते दादा दुमडलेलं पोस्टकार्ड घालून बघायचे. ते पोस्टकार्ड माझ्या हातात आलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ज्या दसऱ्याची गोष्ट लिहायला बसले आहे, त्या वेळी सतरा-अठरा.

बाजाराचा दिवस मावळायला आला की शेडमध्ये तिघं जण जमायचे. रहीमचाचा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. म्हाळू मुकादम रस्तादुरुस्तीच्या गँगचे, तेही निवृत्त. आणि माझे चौथीचे गुरुजी, ज्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं पण शंका सगळ्या त्यांच्याच असायच्या. काळीच्या पायऱ्यांवर, तेलाच्या डब्यांवर बसून ते जुन्या रस्त्याच्या आणि जुन्या मोटारींच्या गोष्टी काढायचे. घर आणि शेड यांच्यामध्ये तरटाचा पडदा होता. मी पडद्याखालून चहाची थाळी सरकवायची, बांगड्या वाजवायची, की चाचांचा हात येऊन थाळी ओढून घ्यायचा. गुरुजींचा चेहरा सोडला, तर वर्षानुवर्षं मी या माणसांचे पाय आणि आवाजच ओळखत होते. चाचांच्या टाचेला भेग, मुकादमांच्या वहाणेला टायरचा तळ, गुरुजींच्या धोतराच्या काठावर शाईचा ठिपका.

चाचा सांगायचे, त्यांच्या पोरवयात लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असायची. "चढावर धूर एवढा, की मागचा पाशिंजर उतरताना वळखू येत नसे. बायको म्हणे, हा माझा नवराच न्हाई."

"मंग घरात घेतला का न्हाई?" गुरुजी.

"आंघूळ घालून घेतला की. पन पाच मिनटं बाहेरच हुभा!"

मुकादमांच्या गोष्टी झाडांच्या. आमच्या त्या रस्त्याला दोन्ही अंगांना चिंचा, कडुलिंब आणि वड होते. काही ठिकाणी फांद्या वर एकमेकींत गेलेल्या, भर उन्हाळ्यात खाली सावलीचा बोगदा. बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. त्यातली कितीतरी झाडं मुकादमांच्या वडलांनी रेड्यावरून पखालीनं पाणी आणून जगवलेली. मुकादम धनगराचे. ते म्हणायचे, "बापानं झाडं लावली अन् आमच्याच भावकीच्या शेरडांनी खाल्ली. जलमभर मी माझ्याच चुलत्याच्या शेळ्यांमागं काठी घेऊन पळून राह्यलो." प्रत्येक झाडाला त्यांच्याकडे नाव होतं. दहीवाल्या आजीची चिंच, जिथं ती मडकं उतरवायची. सासुरवाशिणीचा वड, जिथं माहेरची माणसं मागं फिरायची. शिवेवर एक मैलाचा दगड होता, निजामाच्या वेळचा, उर्दू आकड्यांचा. त्यालासुद्धा ते निवृत्त झाल्यावर पदरच्या चुन्यानं पांढरा करायचे. गुरुजी विचारायचे, "मुकादम, हा आकडा तुम्हाला वाचता येतो का?" मुकादम म्हणायचे, "वाचायला कशाला पायजे? मला दगड वळखतो."

मी पडद्याआड बसून हे सगळं ऐकायची. माझं जग त्या पडद्याएवढंच होतं असं कुणी म्हणेल, पण तसं मला कधी वाटलं नाही. त्या रस्त्यावरून मी कानांनी कितीदा तरी जालन्याला जाऊन आले होते.

त्या वर्षी पाऊसकाळ संपता संपता दादांचे थोरले भाऊ, आमचे आबा, शेडच्या दारात येऊन उभे राहिले. आबा शेती बघायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हिशेबी रिकामी जागा म्हणजे पाप. ते म्हणाले, "इथं पिठाची गिरणी टाकायची. पाच खेड्यांच्या बाया पहाटे जातं वढून राह्यल्यात. ही म्हातारी जागा अडवून बसली."

दादा म्हणाले, "चालती गाडी हाय, आबा."

"चालती? गेल्या दसऱ्यापासून शेडाबाहेर आली का? हुभी ऱ्हाती तिला गाडी म्हनत न्हाईत, खांब म्हनतात." मग त्यांनी शिवेच्या दिशेनं हात केला. "असं कर. दसऱ्याला सगळं गाव शीव वलांडतं. हिनं बी वलांडावी. दिवस मावळायच्या आत, सोताच्या पायानं, कुनी ढकलायचं न्हाई, बैल जुपायचा न्हाई. दगडाच्या पल्याड गेली तर मी पुन्हा नाव काढनार न्हाई. न्हाई गेली तर दिवाळीआधी भंगारवाला बोलावतो."

दादांनी मान हलवली. पडद्याआड मीही हलवली, मला कुणी विचारलेलं नसताना. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की काळी जाणार. माझ्या बाजूनं काही कमी पडू द्यायचं नाही.

पुढचे पंधरा दिवस शेडमध्ये चौघांची आणि पडद्यामागं माझी धावपळ चालली होती. टाकी उतरवून धुतली, पाण्याची गळती साबणानं आणि काथ्यानं बंद केली, चाचांनी जालन्याहून पट्टा आणला. आईनं येसराची आमटी आणि धपाटे करून घातले आणि म्हणाली, "लग्नघरात एवढे लोक जेवत न्हाईत." खंडेनवमीच्या आधी दोन दिवस काळी शेडमध्ये सुरू झाली तेव्हा पत्रे थरथरले आणि शेजारच्यांच्या कोंबड्या छपरावर चढल्या. दादांनी लगेच बंद केली. "झालं. आता तिला निजू द्या."

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं देवापुढे पाटावर मांडतात, मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. विळा, कुऱ्हाड, दादांचे पाने, हातोडी. काळी देवघरात येऊ शकत नाही, म्हणून दादा तिचे चार प्लग काढून पाटावर ठेवायचे. म्हणायचे, "तिचा जीव आणला. आज ती पन बसंल." दरवर्षी ही पूजा आई करायची. त्या वर्षी आई नेमकी अडचणीची होती, अंगणातल्या लिंबाखाली वेगळी बसलेली. म्हणून पूजा माझ्याकडे आली.

आई दरवर्षी काय करायची, तर प्लगाच्या वरच्या लोखंडाला बोटानं कोरडं कुंकू टेकवायची आणि झेंडूचं फूल ठेवायची. मी ते पाहिलेलं होतं. पण त्या वर्षी मला वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही. देवाला आपण नुसतं कुंकू लावतो का? आधी स्नान घालतो. मी चारी प्लगांना दुधानं स्नान घातलं, मग पाण्यानं. हळद कालवली, कुंकू कालवलं आणि वरपासून खालच्या टोकापर्यंत, त्या पांढऱ्या चिनीमातीला, त्या फटीत, सगळीकडे मन लावून लावलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरी पूजा केली नसेल. आणि पोस्टकार्ड घेऊन फट बघणारी मीच. माझ्या डोक्यात तेव्हा एकदाही आलं नाही की देवापुढचा प्लग आणि इंजिनातला प्लग एकच आहे.

दसऱ्याला दुपारी पुरणपोळीची जेवणं झाल्यावर दादांनी प्लग उचलले, वरून फडक्यानं पुसले, बोटांनी चाचपत बसवले. डोळ्यांना दिसत नव्हतंच. काळीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शेडाबाहेर गल्ली जमली होती. आबा नवं धोतर नेसून, सायकल धरून उभे. चाचांनी काळीच्या पुढच्या भोकात हँडल घातलं आणि मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. एकदा नुसता खोकल्यासारखा आवाज आला आणि गप्प.

मग प्रत्येकाला आपला अनुभव आठवला. चाचा म्हणाले, पेट्रोलात पाणी आहे, त्यांच्या गाडीला एकदा असंच झालं होतं. टाकीखालचं पेट्रोल वाटीत काढलं, स्वच्छ होतं. मुकादम म्हणाले, त्यांच्या साहेबाची मोटार एकदा असंच करत होती, तर नळीत गांधीलमाशीनं घर केलेलं. नळी फुंकली, मोकळी होती. गुरुजी म्हणाले, "करंटच येत नसेल." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण ते दरवेळी हेच म्हणायचे. चाचांनी परत हँडल मारलं, परत, परत. त्यांचा सदरा पाठीला चिकटला. गावातले लोक सोनं लुटायला शिवेकडे निघाले होते. जाता जाता एक जण म्हणाला, "चाचा, कोळशाची भट्टी बांधा!" लोक हसले. दादा हसले नाहीत. ते काळीच्या दिव्यावर हात ठेवून उभे होते.

मी पडद्याआड होते. हँडलच्या तिसऱ्या-चौथ्या झटक्यालाच मला कळलं होतं. माझी नखं अजून पिवळी होती. मी ती पदरात लपवली. तोंड उघडायचं म्हणजे सगळ्या गल्लीसमोर सांगायचं, की मी, जिच्या हाती ते काम दिलं होतं, तिनंच माती केली. दादांना हळूच सांगावं तर ते वीस माणसांच्या मधोमध उभे. बाहेर उन्हाची तिरीप भिंतीवर चढत चालली होती. आबा म्हणाले, "चला. मी पुढं होतो. झालं हे." त्यांनी सायकलवर टांग टाकली, आणि मी पडदा बाजूला केला.

सगळे पाय माझ्याकडे वळले. मला वर बघवलं नाही. मी त्या पायांनाच म्हणाले, "प्लग वले हायेत. मी त्यांना आंघूळ घातली."

चाचांनी हँडल खाली ठेवलं. मग गुरुजी ओरडले, "करंट! मी म्हणलं न्हवतं?"

आबा म्हणाले, "प्लगाला आंघूळ?" आणि लोक एवढे हसले, की मला वाटलं जमीन फाटावी. पण एकदा पडद्याबाहेर आल्यावर परत जायला तेवढंच चालावं लागतं, म्हणून मी पुढं गेले. पान्यानं चारी प्लग काढले. पाना माझ्या हातांना ओळखत होता. प्लगांच्या टोकाशी हळदीचा चिखल झाला होता. चुलीवर तवा ठेवला, त्यावर प्लग शेकले, पॉलिश पेपरनं घासले, पोस्टकार्ड दुमडून एकेक फट बघितली. लिंबाखालून आई विचारत होती, "काय झालं गं, कौसा?" मी म्हणाले, "काही न्हाई. पोळ्या भाजून राह्यले." माझ्या तोंडातून थट्टा निघाली याचं मलाच नवल वाटलं.

प्लग बसवले. आता हँडल मारायला कुणाच्यात दम उरला नव्हता. चाचा खाली बसलेले, दादांचा खांदा जुना दुखरा, मुकादमांना त्यातली लकब माहीत नाही. चुकीच्या हातात हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं.

"मी मारते," मी म्हणाले.

आबा म्हणाले, "आता बायकांनी हँडल मारायचं का?"

तेव्हा लिंबाखालून, तीस पावलांवरून, आईचा आवाज आला. "भावजी, सात-आठ वर्षं जातं वढलंय तिनं. तुमची गिरणी कुठं आल्ती तवा?"

आबांनी सायकल भिंतीला टेकवली. दादा माझ्याजवळ आले आणि हलकेच म्हणाले, "आंगठा आत घालू नको. खालून वर. अन् जोर देऊ नको, झटका दे." मी अंगठा बोटांच्या बाजूला घेतला. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला काळी शिंकली. तिसऱ्याला तिचं सगळं अंग हललं, माळा थरथरल्या, आणि ती बोलायला लागली. जळक्या हळदीचा वास सगळ्या गल्लीत पसरला.

मी मागं सरले, तर चाचांनी दार उघडलं. "बेटी, पुढं बस. रस्त्यात बंद पडली तर आम्ही चार म्हातारे काय करनार?"

अशी मी त्या रस्त्यावरून पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून गेले. दादांच्या शेजारी, मागं तिघं. दादांना लांबचं धूसर दिसायचं, पण त्या रस्त्यावर त्यांना डोळे लागत नव्हते. चालणारी माणसं भोंगा ऐकून बाजूला होत होती. मागून मुकादम सांगत होते, "ही दहीवाल्या आजीची चिंच. आता वड येईन. उजवीकडनं घ्या, खड्डा हाय." मी वर बघत होते. ऐकून जेवढ्या फांद्या मनात होत्या, त्याहून जास्त होत्या.

शिवेचा दगड दिसला. सूर्य शेतांना टेकलेला. दहा पावलांवर दादांनी ब्रेक लावला.

चाचा ओरडले, "अरे बाबा, थांबू नको! बंद पडली तर?"

"थोरला भाऊ मागं हाय," दादा म्हणाले. "आमच्यात थोरल्याच्या आधी शीव वलांडत न्हाईत."

काळी जागच्या जागी धडधडत होती, मध्येच एखादा ठोका चुकवत होती. दरवेळी मी पुढचा ठोका मोजायची. दादा समोर बघत शांत बसून होते. सूर्याचा अर्धा भाग गेला तेव्हा सायकलची घंटी ऐकू आली. आबा धापा टाकत आले, आमच्याकडे न बघता पुढं गेले, दगडाच्या पलीकडे सायकल टेकवली आणि मागं वळले.

"आता मुहूर्त पाहून राह्यलात का?" ते म्हणाले. "आना की जल्दी!"

काळी दगडाच्या पलीकडे गेली. आबांनी आपट्याची पानं काढली, एक बोनेटवर ठेवलं, एक दादांना दिलं आणि एक माझ्या तळहातावर. "घे सोनं," ते म्हणाले. माझ्या पिवळ्या नखांकडे बघून त्यांच्या मिशा हलल्या. "गिरणीचं दुसरीकडं बघतो."

त्यांनी शब्द पाळला. ते होते तोवर काळीला कुणी हात लावला नाही. गिरणी चार घरं पलीकडे झाली आणि आई तिथं दळण न्यायला लागली, पण जातं काढून टाकलं नाही. माझं लग्न परतूरकडे झालं. चाचा गेले, मुकादम गेले, दादा गेले. मुकादमांनी झाडांची तोड पाहिली नाही, हे बरं झालं. रस्ता रुंद झाला, तेव्हा दोन्ही अंगांच्या चिंचा, वड, सगळं गेलं. आता त्या रस्त्यानं गाडीत बसले की मी डोळे मिटून घेते. सून विचारते, आई, मळमळतंय का? मी मान हलवते. डोळे मिटले की उजवीकडे वड येतो, तिला काय सांगणार?

आबांच्या माघारी त्यांच्या मुलानं काळी संभाजीनगरच्या एका हौशी माणसाला दिली. तो भला होता, प्रेमानं नेणार होता. मी आदल्या दिवशी माहेरी गेले. शेडमध्ये एकटी होते. पान्यानं चौथा प्लग काढला आणि पदरात बांधला. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं हँडल मारून बघितलं, ती सुरू झाली नाही, म्हणून त्याला ती ट्रकवर चढवून न्यावी लागली. चोरी म्हणा हवं तर. माझ्या दादांची गाडी शीव ओलांडायची ती आपल्या पायानं ओलांडून चुकली होती. दुसऱ्या कुणासाठी तिनं पुन्हा ओलांडावी, हे मला नको होतं.

तो प्लग माझ्या देवघरात आहे. चिनीमातीवर अजून पिवळा डाग आहे, घासून जात नाही. दर खंडेनवमीला मी त्याला पाटावर ठेवते आणि वरच्या लोखंडाला कुंकू टेकवते. कोरडं.